पिशवी माझी, सही माझी



मला गर्भाशयाचा कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेची तारीख अजून तीन आठवडे पुढे आहे.

ही दोन वाक्ये लिहायला मला बराच वेळ लागला. आधी 'प्रकृती बरी नाही' असे लिहिले. मग 'एका छोट्या ऑपरेशनसाठी रजेवर आहे' असे लिहिले. दोन्ही खोडले. आपल्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या भाऊंना हार्ट अटॅक आला, तर रक्तगटापासून वॉर्ड नंबरपर्यंत सगळे येते. बाईला पिशवीचा आजार झाला की मात्र 'ताईंची तब्येत बरी नाही' एवढेच येते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या हक्कासाठी बाजू मांडली. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्याच विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जे सभागृहात बोलले गेले, ते आपण ग्रुपवर लिहायला लाजतो. मनुस्मृती जाळल्याचा अभिमान बाळगायचा आणि विटाळ मात्र मनात जपायचा, हे मला मान्य नाही. म्हणून आजाराचे नाव घेऊन लिहिते आहे.

पण लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. या आजाराने मला माझ्याच एका भाषणासमोर उभे केले.

मी छत्तीस वर्षांची आहे. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांमध्ये काम करू लागले, त्याला आता अकरा वर्षे झाली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत दोघांनी फडात उभे राहायचे. एक दिवस चुकला की खाडा. पाळीत पोट दुखले तरी खाडा, अंगावरून जास्त गेले तरी खाडा. कोपीजवळ धड पाणी नाही, संडास नाही. ओल्या कपड्याने दिवस काढायचा आणि पहाटे पुन्हा मोळी उचलायची. त्यातून दुखणे वाढते, बाई दवाखाना गाठते आणि तिथे तिला सांगितले जाते, "पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल." पंचविशी-तिशीतल्या बायकांनी मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊन पिशव्या काढून घेतल्या आणि ती उचल फेडायला पुन्हा त्याच फडात गेल्या.

२०१९ मध्ये हे प्रकरण देशभर गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८० हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचे हेच प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. या बायका कोण आहेत? दलित, भटक्या-विमुक्त, आदिवासी, वंजारी. ज्यांच्या घरी जमीन नाही, किंवा आहे पण पाण्यावाचून पडून आहे.

म्हणून माझे एक ठरलेले भाषण होते. पाड्यावर, वस्तीवर, विहारात, जिथे बैठक असेल तिथे सांगायचे, "कॅन्सरची भीती घातली म्हणून पिशवी द्यायची नाही." बायका माना डोलवायच्या. एकीने एकदा विचारलेही होते, "पण ताई, खरंच कॅन्सर असला तर?" मी काहीतरी उत्तर दिले असेन. आता आठवत नाही. प्रश्न मात्र आठवतो.

त्याच काळात माझी स्वतःची पाळी बिघडली होती. वीस-वीस दिवस अंगावरून जायचे, मग दोन महिने काहीच नाही, मग पुन्हा सुरू. कॉलेजपासून मला पीसीओडी आहे, त्यामुळे 'हे आपले नेहमीचेच' म्हणून सोडून दिले. हंगाम संपू दे, मग दाखवू. सर्वेक्षण पूर्ण होऊ दे, मग दाखवू. जयंती होऊ दे, मग नक्की. असे दीड वर्ष गेले. शेवटी जयंतीच्या तयारीच्या बैठकीतच चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ७.२ निघाले. सोबतच्या आशाताईने सगळ्यांसमोर झापले, "आम्हाला शिकवता अन् स्वतः काय करता?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर १९ मिलिमीटर जाड दिसले. डॉक्टरबाईंनी अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. नवव्या दिवशी त्यांनी समोर बसवून सांगितले, "कॅन्सर आहे. पिशवी काढावी लागेल."

तेच शब्द! ज्या शब्दांविरुद्ध मी अकरा वर्षे बोलले, तेच आता माझ्यासाठी उच्चारले जात होते. खरे सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. संशय आला. मनात म्हटले, यांनाही पैसे पाहिजेत. घरी येऊन जोडीदाराला म्हणाले, "मला फसवतायत." तो गप्प बसला. पुढचे चार दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही, रिपोर्ट कपाटात ठेवून दिला आणि एका शिबिरालाही जाऊन आले.

हे चार दिवस मला चळवळीतल्या मित्र-मैत्रिणींपुढे मुद्दाम ठेवायचे आहेत. ज्या संशयाने आम्ही कितीतरी बायकांना वाचवले, तोच संशय माझा जीव घेऊ शकला असता. शोषितांचा अविश्वास अनुभवातून आलेला असतो, तो खोटा नसतो. पण अविश्वास म्हणजे विवेक नव्हे. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण नेहमी सांगतो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. त्या उपदेशाचा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. तपासा, आणि तपासून हिताचे ठरले तर स्वीकारा. नाकारणे सोपे असते. तपासून स्वीकारणे अवघड जाते, विशेषतः ते आपल्याविरुद्ध जात असेल तेव्हा.

पाचव्या दिवशी मी कपाट उघडले आणि दोन ढीग शेजारी ठेवले. एका बाजूला गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या बायकांच्या कागदांच्या प्रती, दुसऱ्या बाजूला माझी फाईल. त्यांच्या कागदांत बहुतेक ठिकाणी एक सोनोग्राफी, त्यावर 'बल्की युटेरस' किंवा 'सिस्ट' असे काहीतरी, आणि बिल. तुकडा तपासल्याचा रिपोर्ट नाही. काढलेली पिशवी तरी पुढे तपासली का, याचाही कागद नाही. माझ्या फाईलमध्ये पॅथॉलॉजीचा रिपोर्ट होता. एंडोमेट्रियॉइड कार्सिनोमा, ग्रेड १. त्या बायकांना सांगितले होते, कॅन्सर होईल. मला सांगितले, कॅन्सर आहे. 'होईल' आणि 'आहे' यांच्यामध्ये बायोप्सी उभी असते. हे माझ्या भाषणात कधीच नव्हते.

तरीही मी तपासायचे थांबवले नाही. रुग्णालयातून स्लाईड आणि ब्लॉक मागून घेतले. ते मागता येतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आपले कागद मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. दुसऱ्या ठिकाणच्या तज्ज्ञांनी त्याच स्लाईड पाहिल्या आणि तेच सांगितले. एमआरआयमध्ये रोग गर्भाशयाच्या स्नायूत थोडा उतरलेला दिसला, बाहेर कुठे पसरलेला दिसला नाही. मग मी मान्य केले. सांगितले म्हणून मानले नाही, तपासले म्हणून मानले. यामुळे दुःख कमी झाले नाही, पण पायाखाली जमीन आली.

हा आजार नेमका काय, हेही थोडक्यात सांगते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण गोंधळ करतो. हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग नव्हे. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि त्याला लस आहे. माझा अस्तराचा आहे. शरीरात इस्ट्रोजेन दीर्घकाळ जास्त राहिले आणि त्याला तोल देणारे प्रोजेस्टेरॉन कमी पडले की अस्तर वाढत जाते आणि त्यातून हा उद्भवू शकतो. लठ्ठपणा, मधुमेह, पीसीओडी, मूल न झालेले असणे यांनी धोका वाढतो. बहुतेकींना तो पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो, माझ्यासारख्यांना कधीकधी आधी. त्याचे एक बरे आहे की तो आधीच हाक मारतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये जाणे, दिवसेंदिवस न थांबणे, ही ती हाक. अशा प्रत्येकीला कर्करोग असतो असे अजिबात नाही, बहुतेकींना नसतो. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. लवकर सापडला तर बहुतेक बायका शस्त्रक्रियेने बऱ्या होतात. मला हाक ऐकू आली होती. मी दीड वर्ष ऐकली नाही.

आता मुलाबद्दल. याविषयी लिहू नये असे वाटत होते, पण मग बाकीचे लिहिण्यालाही अर्थ राहत नाही. आमच्या लग्नाला सात वर्षे झाली. मूल नकोच असे आम्ही कधी ठरवले नव्हते, फक्त पुढे ढकलत राहिलो. रोग अस्तरापुरताच असता, तर काही काळ गोळ्यांवर ठेवून मुलासाठी प्रयत्न करण्याचा मार्ग काही निवडक रुग्णांना देतात. स्नायूत उतरलेला असेल तर तो मार्ग सुरक्षित मानत नाहीत. डॉक्टरबाईंनी हे न घाईने समजावले, दोनदा समजावले. जोडीदार म्हणाला, "मला तू पाहिजेस." एवढेच म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

लोक सांत्वनाला लगेच सावित्रीबाई-जोतिरावांचे उदाहरण देतात. त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला आणि तो त्यांचाच झाला. मला हे माहीत आहे, मी ते व्याख्यानांत सांगितले आहे आणि ते मनापासून पटते. पण रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा उदाहरण उपयोगी पडत नाही. जे झालेच नाही त्याचेही दुःख होते. आपल्या चळवळीत दुःखाला लगेच विचाराने झाकण्याची सवय आहे. काही दुःख तसेच राहू द्यावे. चार दिवस रडले म्हणून कुणी कमी आंबेडकरवादी होत नाही.

यानंतर सहीचा प्रसंग. संमतीपत्र भरताना काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मिस्टरांना पाठवा, त्यांची सही लागेल." मी म्हणाले, "पिशवी माझी आहे, सही मी करते." ते म्हणाले, "मॅडम, इथे सगळ्यांची अशीच पद्धत आहे." जोडीदार शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "साक्षीदार म्हणून करतो, संमती तिची." दहा मिनिटे वाद झाला, मागची रांग चिडली, शेवटी माझी सही चालली.

हा हट्ट नव्हता. समीरा कोहली खटल्यात हाच प्रश्न होता. फक्त तपासणीसाठी भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचे गर्भाशय आणि अंडाशये काढली गेली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान बाईची संमती तिचीच लागते, जवळच्या माणसाची चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती होत नाही. जीव तातडीने धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. माझी अंडाशये ठेवता येतील की काढावी लागतील, हे शस्त्रक्रियेच्या वेळी काय दिसते त्यावर ठरेल. तेही मी वेगळे लिहून मागितले आणि वाचून सही केली. ऊसतोडीच्या कितीतरी बायकांच्या कागदावर नवऱ्याची सही आणि बाईचा नुसता अंगठा मी पाहिला आहे. तिला विचारले काय होते, हे तिलाच माहीत नाही. बाबासाहेबांनी तिला मताचा अधिकार मिळवून दिला. तिच्या पोटाबद्दलचे मत मात्र अजून कुणी तिला विचारत नाही.

आणि कर्म! गावाकडून भेटायला आलेल्या एका आजी, कपाळावर कुंकू नाही, घरात बुद्धांची मूर्ती, तरी म्हणाल्या, "मागल्या जन्मीचं असंल बाई काहीतरी." मी रागावले नाही. पण उत्तर दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. गरिबांच्या आणि पददलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याशिवाय त्या सिद्धांताचा उपयोग नाही, अशा अर्थाचे त्यांनी मांडले. हे आजारालाही लागू आहे. पिशवी गेलेल्या बाईला 'तुझे नशीब' म्हटले की मुकादम सुटतो, कारखाना सुटतो, दवाखाना सुटतो, सरकार सुटते. माझ्या बाबतीत म्हणाल तर कारण माझ्या पेशींत आहे आणि उशिराचे कारण याच जन्मात आहे. ते अर्धे माझे आहे आणि अर्धे त्या संस्कृतीचे, जी कार्यकर्त्याला झिजण्याबद्दल शाबासकी देते.

हे दुसरे अर्धे आपल्याला बदलावे लागेल. 'बाबासाहेबांनी देह झिजवला' हे आपण इतक्या वेळा सांगतो की प्रकृती सांभाळणारा कार्यकर्ता आपल्याला कच्चा वाटू लागतो. पण बाबासाहेब आजारी पडले तेव्हा त्यांनी डॉक्टर गाठले, मुंबईत येऊन उपचार घेतले. आजार लपवणे हा त्याग नाही.

विनयपिटकातला एक प्रसंग या दिवसांत सारखा आठवतो. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला असतो. बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत, कारण तो त्यांच्या काही कामाचा नाही. तथागत आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात. मग संघाला बजावतात की इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? आपल्या संघटनांना हा प्रश्न विचारून बघा. पूर्णवेळ काम करणाऱ्या किती जणींचा विमा आहे? वर्षातून एकदा तरी त्यांची तपासणी होते का? आजारी पडली की ग्रुपवर क्यूआर कोड फिरतो आणि आठ दिवसांनी तोही थांबतो.

माझे सध्याचे दिवस साधे आहेत. रक्त वाढवण्यासाठी लोहाची इंजेक्शने चालू आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत फाईल टाकली आहे. रेशनकार्डावर माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, त्यामुळे तीन चकरा झाल्या. आरोग्यमित्र मुलगा चांगला होता, त्याने कागद जुळवून दिले. एम.ए.ला पार्सन्स वाचला होता. आजारी माणसाला समाज रोजच्या कामातून सूट देतो, असे त्याने मांडले आहे. बाईच्या बाबतीत त्याने आमचे घर पाहिले नसावे. भेटायला आलेल्यांना चहा मीच करत होते. आता सासूबाईंनी मला ओट्यापासून हाकलले आहे. त्या बौद्धवाड्यातल्या जुन्या बाई, त्यांनी कधी 'नातू' हा शब्द काढला नाही. रोज संध्याकाळी त्या माझ्या शेजारी बसून वंदना म्हणतात आणि मग मोबाईलवर मालिका लावतात. दोन्हींमुळे मला बरे वाटते.

भीती वाटते का? वाटते. भुलीची वाटते, काढलेल्या पिशवीच्या अंतिम रिपोर्टची जास्त वाटते, कारण पुढे किरणोपचार लागतील का हे त्यावर ठरेल. श्वासावर लक्ष ठेवते, कधी जमते, कधी नाही.

मागच्या आठवड्यात बसवेना म्हणून एका वस्तीवर गेले. बायकांना माझ्याबद्दल सगळे सांगितले आणि भाषण दुरुस्त केले. आता असे सांगते. रक्त जास्त जात असेल, अवेळी जात असेल, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी दाखवा. हंगाम संपायची वाट पाहू नका. कुणी पिशवी काढा म्हटले तर विचारा, तुकडा तपासला का? रिपोर्ट कुठे आहे? दुसरा इलाज आहे का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कागद स्वतःजवळ ठेवा, सही स्वतः करा. रिपोर्टमध्ये खरेच कॅन्सर निघाला, तर घाबरून घरी बसू नका आणि माझ्यासारखे संशयात चार दिवसही घालवू नका.

"अन् तुमचं कधी हाय ऑपरेशन?" एकीने विचारले. तारीख सांगितली. ती म्हणाली, "तवा आमी फडात नसू. येतो दोघी-तिघी." मी म्हटले, "खाडा नाही ना?" सगळ्या हसल्या.

तारीख जवळ येते आहे. तुम्ही एवढे करा. हे वाचून झाल्यावर आपल्या आईला, बायकोला, बहिणीला, संघटनेतल्या ताईला एकदा विचारा, "अंगावरून जास्त जातं का?" लाज वाटेल. तरी विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!